सी++ मधून थेट सर्किट: हाय-लेव्हल सिंथेसिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायनल इयरचे विद्यार्थी, व्हेरिलॉग (सर्किटचं वर्णन करायची भाषा) लिहिण्यात उमेदीची वर्षं घातलेले इंजिनीअर आणि सॉफ्टवेअरकडून एफपीजीएकडे, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं जोडता येणाऱ्या चिपकडे, वळू पाहणारी मंडळी हाय-लेव्हल सिंथेसिसबद्दल मला सतत विचारत असतात. विद्यार्थ्यांना वाटतं की आता व्हेरिलॉग शिकायची गरज उरली नाही. जुन्या इंजिनीअरांना आपलं कसब वाया जाईल अशी धास्ती असते. सॉफ्टवेअरवाल्यांना हे जादूचं बटण वाटतं. मी ही टूल्स रोज वापरतो, त्यामुळे माझं मत या तिन्हींपेक्षा वेगळं झालं आहे. ते पुढच्या उत्तरांमध्ये येईलच.

हाय-लेव्हल सिंथेसिस म्हणजे नेमकं काय?

काय करायचं ते तुम्ही सी, सी++ किंवा सिस्टमसीमध्ये (सी++ वरच बेतलेली, हार्डवेअरसाठीची भाषा) सांगता. ते कोणत्या क्लॉक सायकलला (चिपच्या घड्याळाच्या कितव्या ठोक्याला), कोणत्या गुणकावर (गुणाकार करणाऱ्या युनिटवर), कोणत्या रजिस्टरमध्ये (एक मूल्य धरून ठेवणाऱ्या छोट्या जागेत) करायचं हे टूल ठरवतं आणि व्हेरिलॉग किंवा तिच्यासारख्याच व्हीएचडीएल भाषेतलं वर्णन तयार करून देतं. तिथून पुढचा प्रवास नेहमीचाच आहे: लॉजिक सिंथेसिस (वर्णनातून गेट काढणं), प्लेसमेंट (ते चिपवर बसवणं), राउटिंग (ते तारांनी जोडणं).

सगळ्या फरकाचं मूळ एका गोष्टीत आहे. सी++ च्या कोडमध्ये वेळ नसते. ‘आधी हे, मग ते’ एवढा क्रम असतो, पण ‘तिसऱ्या सायकलला’ असं काही नसतं. आरटीएलमध्ये, म्हणजे व्हेरिलॉग-व्हीएचडीएलमधल्या रजिस्टर पातळीच्या वर्णनात, मात्र प्रत्येक ओळीला क्लॉक चिकटलेलं असतं. वेळ नसलेल्या वर्णनाला वेळापत्रक देणं हेच या टूलचं काम आहे.

पण सी प्रोग्राम प्रोसेसरवर चालतोच की! मग सर्किट कशाला?

प्रोसेसरकडे मोजकी गणिती युनिट्स असतात आणि प्रत्येक सूचना मेमरीतून आणून, उलगडून, मग पार पाडावी लागते. त्याच कामासाठी खास सर्किट बांधलं तर सूचना आणण्याचा खर्चच राहत नाही आणि शंभर गुणक एकाच वेळी राबवता येतात. व्हिडिओ, रडार, फाइव्ह-जी बेसबँड, न्यूरल नेटवर्क अशी एकसुरी पण प्रचंड गणितं असतील तिथे वेग आणि वीज दोन्हींत मोठा फरक पडतो. वर्षातून दोनदा बदलणारा बिलिंगचा तर्क मात्र प्रोसेसरवरच राहू द्यावा.

‘हाय-लेव्हल’ म्हणजे कशापेक्षा वर?

आरटीएलपेक्षा वर. गाय्स्की आणि कून यांनी १९८३ मध्ये इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची एक आकृती मांडली. तिचे तीन हात म्हणजे डिझाइनकडे पाहण्याचे तीन मार्ग: ते काय करतं, ते कशाचं बनलंय आणि ते प्रत्यक्ष सिलिकॉनवर कसं दिसतं. मध्यबिंदूपासून बाहेर जावं तसा तपशील कमी होत जातो: ट्रान्झिस्टर, गेट, रजिस्टर, अल्गोरिदम, सिस्टम. सिंथेसिस म्हणजे ‘काय करतं’ या हातावरून ‘कशाचं बनलंय’ या हातावर उडी मारणं. लॉजिक सिंथेसिस ही उडी रजिस्टरांच्या पातळीवरून मारतं, आणि हाय-लेव्हल सिंथेसिस अल्गोरिदमच्या पातळीवरून. इतक्या वर्षांनीही ही आकृती फळ्यावर काढली की वर्गातला गोंधळ निम्म्याने कमी होतो.

टूल आत नेमकं काय करतं?

आधी ते तुमचा कोड कंपायलरसारखाच वाचतं आणि त्यातून आलेख काढतं: कोणती क्रिया कोणाच्या उत्तरावर अवलंबून आहे. मग तीन निर्णय होतात. ॲलोकेशनमध्ये किती गुणक, किती बेरीज-युनिट्स, किती मेमऱ्या हे ठरतं. शेड्युलिंगमध्ये कोणती क्रिया कितव्या सायकलला होणार हे ठरतं. बाइंडिंगमध्ये कोणती क्रिया नेमक्या कोणत्या युनिटवर होणार आणि कोणतं मूल्य कोणत्या रजिस्टरमध्ये बसणार हे ठरतं. शेवटी हे सगळं हाकणारं कंट्रोलर, म्हणजे स्टेट मशीन, तयार होतं.

यातलं शेड्युलिंग सगळ्यात रंजक आहे. १९८० च्या दशकात पॉलिन आणि नाइट यांनी एक छोटं उदाहरण घेतलं होतं, जे आजही पाठ्यपुस्तकांत भेटतं: एक अवकल समीकरण सोडवणारा लूप. एका फेरीत सहा गुणाकार, दोन बेरजा, दोन वजाबाक्या आणि एक तुलना, अशा एकूण अकरा क्रिया. प्रत्येक क्रियेला एक सायकल धरा. ‘जे करता येईल ते लगेच करा’ असं धोरण ठेवलं तर काम चार सायकलींत होतं, पण पहिल्याच सायकलला चार गुणाकार एकदम येऊन पडतात. म्हणजे चार गुणक हवेत. पुढच्या सायकलला त्यांतले दोनच लागतात आणि शेवटच्या दोन सायकलींत चारही रिकामे बसून राहतात.

आता दुसऱ्या टोकाने पाहा. प्रत्येक क्रिया जास्तीत जास्त किती उशिरा केली तरी चार सायकलींची मुदत चुकणार नाही? काही गुणाकारांना एका सायकलची ढील आहे, एकाला दोन सायकलींची, आणि काहींना अजिबातच नाही. ज्यांना ढील आहे त्यांना गर्दी कमी असलेल्या सायकलला सरकवलं की पहिल्या तिन्ही सायकलींत प्रत्येकी दोन गुणाकार येतात. चारच सायकली, पण गुणक दोनच. सिलिकॉनवर गुणक ही महागडी चीज आहे, त्यामुळे ही निम्मी बचत किती मोलाची आहे ते सांगायला नको. गर्दीला स्प्रिंगच्या जोरासारखं मानून क्रिया सरकवण्याच्या या पद्धतीला फोर्स-डायरेक्टेड शेड्युलिंग म्हणतात.

त्याच उदाहरणात एक गंमत दडलेली आहे. त्या सहा गुणाकारांपैकी दोन हुबेहूब सारखेच आहेत. आजचा कंपायलर शेड्युलिंगच्या आधीच ते ओळखून एकत्र करेल आणि पाचच उरतील. हाय-लेव्हल सिंथेसिसमधली अर्धी करामत अशा साध्या कंपायलर-कामात असते, आणि तिचं श्रेय तिला क्वचितच मिळतं.

अकरा क्रिया कागदावर मांडता येतात. हजारो क्रिया आणि मर्यादित युनिट्स असतील तर सर्वोत्तम वेळापत्रक शोधणं हा एनपी-हार्ड प्रश्न होतो, म्हणजे त्याचं अचूक उत्तर वाजवी वेळात काढायची सरसकट पद्धत माहीत नाही. म्हणून टूल्स युक्त्या वापरतात. जेसन कॉंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली, क्रियांमधल्या सायकलींच्या फरकांवर बंधनं घालून ती रेखीय गणिताने सोडवायची पद्धत आजच्या अनेक टूल्सच्या पोटात आहे.

एकाच कोडमधून वेगवेगळी सर्किटं निघतात म्हणतात. कशी?

१६ टॅपचा एफआयआर फिल्टर घ्या, म्हणजे सिग्नलच्या शेवटच्या सोळा सॅम्पल्सना ठरावीक आकड्यांनी गुणून बेरीज करणारा. प्रत्येक नवीन सॅम्पलसाठी सोळा गुणाकार आणि त्यांची बेरीज. सी++ मध्ये हा चार ओळींचा लूप आहे. क्लॉक १०० मेगाहर्ट्‌झ धरू.

लूप तसाच ठेवला तर एक गुणक सोळा वेळा वापरला जातो. एका सॅम्पलला सोळा सायकली, म्हणजे सेकंदाला साधारण ६२.५ लाख सॅम्पल्स. लूप चारपट उलगडला, म्हणजे चार फेऱ्या एकदम केल्या, तर चार गुणक, चार सायकली, अडीच कोटी सॅम्पल्स. पूर्ण उलगडून पाइपलाइन केला, म्हणजे एक सॅम्पल पूर्ण होण्याआधीच पुढचं आत घेतलं, तर सोळा गुणक आणि प्रत्येक सायकलला एक सॅम्पल, म्हणजे दहा कोटी. कोडमधला गणिताचा भाग एका अक्षरानेही बदलत नाही. बदलतात फक्त टूलला दिलेल्या सूचना, ज्यांना आम्ही प्रॅग्मा म्हणतो. आरटीएलमध्ये या तीन आवृत्त्या म्हणजे तीन वेगळी डिझाइन्स आणि काही आठवड्यांचं काम. इथे ते दुपारच्या जेवणाआधी आटोपतं.

आता खरी मेख. नवशिक्या लूप पूर्ण उलगडतो, टूल चालवतो, आणि रिपोर्टमध्ये वेग सोळापट वाढलेला दिसतच नाही. कारण आधीची सॅम्पल्स ज्या ॲरेमध्ये ठेवली आहेत तो ॲरे एका ब्लॉक रॅममध्ये, म्हणजे चिपमधल्या तयार मेमरीच्या ठोकळ्यात, गेलेला असतो. झायलिंक्सच्या एफपीजीएवरच्या ब्लॉक रॅमला दोनच पोर्ट असतात, म्हणजे एका सायकलला फार तर दोन मूल्यं वाचता येतात. सोळा गुणक हात पसरून बसलेत आणि त्यांना वाढणारे हात दोनच! सोळा मूल्यांना आठ सायकली लागणारच. उपाय म्हणजे ॲरेची फाळणी करून त्याचे सोळा सुटे रजिस्टर करणं. त्यालाही एक प्रॅग्मा पुरतो, पण तो घालायचं सुचण्यासाठी तुम्हाला मेमरीचे पोर्ट डोळ्यांसमोर दिसावे लागतात.

मला या विषयात जे मनापासून सांगायचं आहे ते इथे आहे. टूल सायकली मोजण्याचं काम तुमच्याकडून घेतं. डेटा कुठे ठेवायचा आणि कोणत्या वाटेने न्यायचा याचा विचार ते घेत नाही. तो तुमचाच राहतो.

‘इनिशिएशन इंटरव्हल’ आणि ‘लेटन्सी’ यांत माझा नेहमी घोळ होतो.

पोळ्यांचं उदाहरण घ्या. एक जण गोळे करतोय, दुसरा लाटतोय, तिसरा भाजतोय, आणि प्रत्येक कामाला अर्धा मिनिट लागतो. एका पोळीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत दीड मिनिट लागतो, ही लेटन्सी. पण ताटात दर अर्ध्या मिनिटाला एक पोळी पडते. हा इनिशिएशन इंटरव्हल, म्हणजे एक काम सुरू केल्यावर पुढचं किती वेळाने सुरू करता येतं ते. पाइपलाइनमध्ये हा आकडा एक सायकलवर आणायचा प्रयत्न असतो.

माझा लूप पाइपलाइन केला, तरी टूल इंटरव्हल एकवर आणतच नाही. का?

दोन कारणं नेहमीची. एक वर आलंच: मेमरीचे पोर्ट कमी पडतात. दुसरं म्हणजे फेरी-फेरीतलं अवलंबित्व. समजा तुम्ही फ्लोटिंग पॉइंटची (दशांश चिन्ह सरकतं असलेल्या संख्यांची) बेरीज एका व्हेरिएबलमध्ये साठवताय. फ्लोटिंग पॉइंट बेरजेला अनेक सायकली लागतात, आणि पुढच्या फेरीला आधीच्या फेरीचं उत्तर हवं असतं. पोळी लाटायला घेण्याआधी मागची पोळी भाजून हातात यायलाच हवी अशी अट घातल्यासारखं आहे हे. तिघं असून उपयोग काय?

यावर उपाय असा: चार-आठ वेगवेगळ्या बेरजा आलटून पालटून चालवा आणि शेवटी त्यांची एकत्र बेरीज करा. टूल हे आपणहून का करत नाही? कारण फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरजेचा क्रम बदलला की उत्तराचे शेवटचे अंक बदलतात, आणि तुमच्या परवानगीशिवाय उत्तर बदलणं टूलला मान्य नसतं. मला हा बाणा आवडतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे जमेल तिथे फिक्स्ड पॉइंट, म्हणजे दशांश चिन्हाची जागा ठरलेल्या, पूर्णांकांसारख्याच हाताळता येणाऱ्या संख्या वापरणं. पूर्णांकांची बेरीज एका सायकलमध्ये होते, आणि तुमच्या सेन्सरचा डेटा १२ बिटांचा असेल तर ३२ बिटांचं फ्लोटिंग पॉइंट हार्डवेअर वाहून नेण्यात अर्थही नसतो. नेमके किती बिट लागतील हे ठरवण्यासाठी टूल्ससोबत खास डेटाटाइप मिळतात. ते वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कुठलाही सी++ कोड चालतो का?

नाही. चालू असताना मेमरी मागणारा कोड चालत नाही, कारण सिलिकॉनवर आयत्या वेळी नवी मेमरी उगवत नाही. डेटावर अवलंबून असलेलं रिकर्शन चालत नाही. ऑपरेटिंग सिस्टमला हाक मारता येत नाही. पॉइंटरांची भेंडोळी टूलला सोडवता येत नाहीत. इंटरनेटवरून उचललेला कोड तसाच टूलमध्ये टाकणाऱ्यांचा पहिला आठवडा याच चुका दुरुस्त करण्यात जातो.

पण ‘चालतो’ आणि ‘चांगला चालतो’ यांत याहून मोठी दरी आहे. ३ × ३ खिडकीचा इमेज फिल्टर बघा. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी आसपासचे नऊ पिक्सेल मेमरीतून वाचायचे, एवढं सोपं. हार्डवेअरमध्ये तेच केलं तर १९२० × १०८० च्या, सेकंदाला ६० फ्रेमच्या व्हिडिओत १२.४४ कोटी पिक्सेल येतात आणि वाचनं त्याच्या नऊपट, म्हणजे शंभर कोटींच्या वर जातात. बाहेरच्या मेमरीची दमछाक होते. जाणकार माणूस तोच फिल्टर असा लिहितो: पिक्सेल एकेक करून वाहत येतात, आधीच्या दोन ओळी चिपमधल्याच दोन छोट्या मेमऱ्यांत साठतात, नऊ रजिस्टरांची खिडकी दर सायकलला एक घर पुढे सरकते. बाहेरून दर पिक्सेलला वाचन एकच. दोन्ही कोड सी++ आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकच आहे. पहिला ६० फ्रेमची गती गाठत नाही. दुसरा १४८.५ मेगाहर्ट्‌झच्या नेहमीच्या पिक्सेल क्लॉकवर सुरळीत धावतो.

सी++ मध्ये टेस्ट पास झाली, मग हार्डवेअरही बरोबरच असणार ना?

सी++ मधली चाचणी हा या पद्धतीचा सर्वात मोठा फायदा आहे हे आधी सांगतो. आरटीएल सिम्युलेशनमध्ये तासन्‌तास लागणारी चाचणी सी++ मध्ये काही सेकंदांत होते, त्यामुळे शेकडो इमेजेस, हजारो पॅकेट्स तपासता येतात. पण बरोबरच असणार? नाही.

मी एका प्रोजेक्टमध्ये हे अंगावर घेतलं आहे. येणाऱ्या व्हिडिओचे दोन प्रवाह केले होते. एक ५ × ५ च्या फिल्टरमधून जायचा, दुसरा सरळ, आणि पुढे दोन्ही एकत्र व्हायचे. सी++ मध्ये सगळं उत्तम. बोर्डवर टाकलं, आणि पहिल्या काही पिक्सेलनंतर सगळं ठप्प. चार दिवस लॅबमध्ये केबल, रीसेट, क्लॉक तपासण्यात गेले, आणि दोष त्यांतल्या कशातच नव्हता. ५ × ५ फिल्टरला पहिलं उत्तर देण्याआधी दोन ओळी आत घ्याव्या लागतात. तोवर सरळ वाटेवरचे पिक्सेल मधल्या फिफोमध्ये (आधी आलेला आधी बाहेर, अशा रांगेत) थांबायला हवेत, आणि त्या फिफोची खोली मी काहीच न सांगितल्यामुळे टूलने तिथे दोन घरांचा फिफो ठेवला होता. तो भरला, त्यामुळे प्रवाह फोडणारा भाग थांबला, त्यामुळे फिल्टरला पिक्सेल मिळेनात. एकमेकांची वाट बघत सगळे थांबले. सी++ च्या सिम्युलेशनमध्ये फंक्शन्स एकामागून एक चालतात आणि फिफोला तळ नसतो, म्हणून तिथे हे दिसणं शक्यच नव्हतं. लागत होती दोन ओळींची, म्हणजे ३८४० पिक्सेल आणि वर थोडी, एवढी खोली. एका आकड्याची दुरुस्ती.

तेव्हापासून को-सिम्युलेशन, म्हणजे तयार झालेलं आरटीएल त्याच सी++ टेस्टबेंचवर (चाचणीच्या कोडवर) चालवून बघणं, मी कधीच वगळत नाही. लहान इमेजवर का होईना, पण चालवतोच. तुम्हीही चालवा.

हाताने लिहिलेल्या आरटीएलपेक्षा हे सर्किट वाईट असतं का?

कशाचं सर्किट, यावर ते ठरतं. फिल्टर, ट्रान्सफॉर्म, मॅट्रिक्स, एन्कोडर, एन्क्रिप्शन अशा गणितप्रधान कामांत अनुभवी माणसाने लिहिलेला सी++ हाताच्या आरटीएलच्या जवळ जातो. कधी पुढेही जातो, कारण हाताने दोनच पर्याय तपासायला वेळ मिळतो आणि इथे वीस तपासता येतात. उलट, जिथे अमुक सायकलला अमुक सिग्नल वर गेलाच पाहिजे असा काटेकोर करार असतो, जसं डीडीआर मेमरीचा इंटरफेस, तिथे हे हत्यार चुकीचं आहे. वेळ न सांगणाऱ्या भाषेत वेळच सांगायला जाऊ नये.

आणि निर्माण झालेलं व्हेरिलॉग वाचायला कठीण असतं, हे खरं आहे. टायमिंग क्लोज होत नसेल, म्हणजे सर्किट ठरलेल्या क्लॉकच्या वेगाला पुरत नसेल, तर दोष मूळ सी++ च्या कोणत्या ओळीत आहे ते शोधणं हे वेगळं कौशल्य आहे.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७० च्या दशकातच वर्तनाच्या वर्णनातून हार्डवेअर काढायचं संशोधन सुरू होतं. १९८० च्या दशकात बेल्जियममधल्या आयमेक संस्थेत सिग्नल प्रोसेसिंगसाठी कॅथीड्रल नावाची टूल्स तयार झाली. १९९० च्या दशकात मोठ्या ईडीए कंपन्यांनी (चिप डिझाइनची सॉफ्टवेअर विकणाऱ्या) अशी टूल्स व्यापारी रूपात आणली, आणि तो प्रयत्न फारसा टिकला नाही.

का टिकला नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. इनपुटची भाषा तेव्हाही व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉगच होती. अल्गोरिदम लिहिणारे लोक सीमध्ये लिहीत होते, त्यांना ती भाषा परकी. आरटीएलवाल्यांना ती येत होती, पण त्यांच्या हातात नुकतंच लॉजिक सिंथेसिस आलं होतं आणि ते त्यावर खूश होते. वर मिळणाऱ्या सर्किटचा दर्जाही बेभरवशाचा होता. दोन्हीकडचा माणूस मिळाला नाही. २००० नंतर इनपुट म्हणून सी आणि सी++ आलं. मेंटर या ईडीए कंपनीचं कॅटापल्ट हे टूल २००४ मध्ये बाजारात उतरलं. झायलिंक्सने २०११ मध्ये ऑटोईएसएल ही कंपनी विकत घेतली आणि तिचं टूल पुढे विवाडो एचएलएस, मग व्हिटिस एचएलएस झालं. एफपीजीए विकणाऱ्या कंपनीनेच टूल स्वतःच्या पेटीत घातल्यावर ते विद्यार्थ्यांच्या टेबलापर्यंत पोचलं. माझ्या मते खरी कलाटणी ही होती.

खऱ्या उत्पादनांत कोण वापरतं?

गूगलने यूट्यूबच्या व्हिडिओ ट्रान्सकोडिंगसाठी बनवलेल्या चिपची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या डिझाइनमध्ये हाय-लेव्हल सिंथेसिस वापरलं आहे.

मला अधिक भावतं ते सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेचं उदाहरण. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळा, प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांना भिडतात. एवढा डेटा साठवणं अशक्य. कोणती टक्कर ठेवायची आणि कोणती सोडायची हे काही मायक्रोसेकंदांत ठरवावं लागतं. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक खुलं टूल आणलं, एचएलएस-फोर-एमएल. शिकवून तयार केलेलं छोटं न्यूरल नेटवर्क द्यायचं, ते त्याचं सिंथेसिसयोग्य सी++ करून देतं, आणि एफपीजीएवर शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास निर्णय मिळू शकतो. ते वापरणाऱ्याला स्वतः व्हेरिलॉग लिहावं लागत नाही. ज्याचा प्रश्न आहे त्याच्या हातात सर्किट येतं, ते असं.

आपल्याकडे महाराष्ट्रात या क्षेत्रात काही काम झालंय का?

झालंय, आणि ते विद्यार्थ्यांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘अहिर’ नावाची टूल्स बांधली. सीमधला किंवा त्यांच्या स्वतःच्या भाषेतला अल्गोरिदम घेऊन ती व्हीएचडीएल देतात. याच टूल्सचा वापर करून तिथे ‘अजित’ हा स्पार्क व्ही-८ सूचनासंच चालवणारा ३२ बिटांचा प्रोसेसर तयार झाला. २०१९ मध्ये तो जाहीर झाला, आणि त्याची चिप मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर प्रक्रियेत बनली. उच्च पातळीवरून प्रोसेसर बनत नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

दुसरं नारायणगावजवळच्या खोडदचं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. अद्ययावतीकरणात एका वेळी हाताळायच्या तरंगपट्ट्याची रुंदी ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० पर्यंत गेली. नव्या बॅकएंडमध्ये, म्हणजे अँटेनांकडून आलेल्या सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेत, सिग्नल अंकांत बदलून पुढे पाठवायचं काम एफपीजीए बोर्ड करतात आणि मोठं गणित जीपीयू. ते बोर्ड कॅस्पर या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या गटाचे आहेत. त्यांच्या पद्धतीत सिम्युलिंक या सॉफ्टवेअरमध्ये ठोकळे जोडून आकृती काढतात आणि त्यातून एफपीजीएचं डिझाइन निघतं. सी++ नाही, पण तत्त्व तेच: शास्त्रज्ञाच्या भाषेतून हार्डवेअर.

ब्लूस्पेक, चिझल हे पण हाय-लेव्हल सिंथेसिसच का?

तसं म्हणू नये. या दोन्ही हार्डवेअर लिहिण्याच्या भाषा आहेत. चिझलमध्ये तुम्ही आरटीएलच लिहिता, फक्त ते तयार करणारा प्रोग्राम ताकदवान असतो. ब्लूस्पेकमध्ये नियम लिहायचे असतात आणि ते एकमेकांच्या पायात येणार नाहीत याची काळजी कंपायलर घेतो. एमआयटीचे दिवंगत प्रा. अरविंद यांच्या संशोधनातून ती भाषा आली, आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ प्रोसेसर तिच्यातच लिहिले आहेत. दोन्हींत क्लॉकचं भान लेखकाकडेच राहतं. प्रोसेसरसारख्या नियंत्रणप्रधान डिझाइनसाठी मला ब्लूस्पेकची वाट सी++ पेक्षा जास्त पटते.

कोणता भाग हार्डवेअरमध्ये न्यायचा हेही टूल ठरवतं का?

संशोधनात ठरवतं, रोजच्या कामात माणूसच ठरवतो. आधी मोजा. एखादं फंक्शन एकूण वेळेच्या ८० टक्के खात असेल, तर ते अनंत वेगाने केलं तरी एकूण वेग पाचपटच वाढणार, कारण उरलेले २० टक्के तिथेच आहेत. त्यात डेटा प्रोसेसरकडून एफपीजीएकडे नेण्या-आणण्याचा वेळ मिळवा. बी.ई. प्रोजेक्टमध्ये ‘ॲक्सिलरेटर’ बनवूनही एकूण वेग घटलेला मी पाहिलाय, आणि दरवेळी कारण हीच ने-आण होती. मोठ्या चिपमध्ये हे निर्णय आधी सिस्टमसीच्या मॉडेलवर घेतात. २००५ पासून सिस्टमसीला आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचं मानक आहे.

आता एआय व्हेरिलॉग लिहितं. मग या टूल्सचं काय?

भाषा-मॉडेल कोड सुचवतं. तो बरोबर आहे याची हमी देत नाही. सिंथेसिस टूल ठरावीक नियमांनी रूपांतर करतं. मी मॉडेलकडून सी++ चा पहिला मसुदा किंवा टेस्टबेंच घ्यायला तयार आहे. वेळापत्रक मात्र सिंथेसिस टूलनेच करावं, आणि तपासणी मी.

मग व्हेरिलॉग शिकू की नको?

शिका. दोनच पोर्टांची मेमरी, फिफो, हँडशेक (दोन भागांतली ‘डेटा तयार, डेटा घेतला’ अशी खूण), क्लॉक डोमेन (एकाच क्लॉकवर चालणारा भाग) हे ज्याने एकदा तरी हाताने लिहिलंय, त्यालाच टूलचा रिपोर्ट वाचता येतो. वर सांगितलेला माझा ठप्प झालेला बोर्ड शेवटी वेव्हफॉर्म, म्हणजे सिग्नल सायकलगणिक कसे बदलतात त्याचा आलेख, बघूनच सुटला होता.

सुरुवात कशी करू? खर्च किती?

टूलसाठी काहीच नाही. व्हिटिस एचएलएस विनामूल्य उतरवता येतं. पूर्ण खुलं काही हवं असेल तर मिलानच्या पॉलिटेक्निकचं बांबू आहे. ते सी घेतं आणि व्हेरिलॉग देतं. बोर्ड घ्यायचा असेल तर झिंक-७०२० चिपचा एखादा घ्या, जसा पिंक-झेड२. त्यात दोन आर्म कोअर आणि २२० गुणक-ब्लॉक आहेत, आणि पायथॉनमधून आपलं सर्किट वापरून बघता येतं. कॉलेजमध्ये एक बोर्ड चौघांत पुरतो, कारण पहिले काही आठवडे बोर्ड लागतच नाही.

पहिला प्रोजेक्ट फेस रेकग्निशनचा घेऊ नका. वरचा १६ टॅपचा फिल्टर घ्या. आधी काहीच सूचना न देता सिंथेसिस करा आणि रिपोर्टमधले लेटन्सी, इंटरव्हल आणि गुणकांची संख्या हे आकडे वहीत लिहा. मग लूप पूर्ण उलगडा, पण ॲरे तसाच ठेवा आणि तो ब्लॉक रॅममध्येच ठेवायला टूलला सांगा, कारण एवढा छोटा ॲरे ते कधी कधी आपणहून रजिस्टरांत टाकतं. आता टूल चालवण्याआधी इंटरव्हल किती येईल ते स्वतः लिहून ठेवा, आणि मग चालवा. आकडा जुळला नाही तर शेड्यूल व्ह्यूअर उघडा आणि कोणतं वाचन कोणत्या सायकलला गेलंय ते एकेक करून बघा.